वृक्षभक्षी कीटकांच्या आतड्यातील जीवाणू : सहजीवन की सहवास?

बीजशब्द : वाळवी, आदिजीव, जीवाणू, पश्चांत्र, सहजीवन, प्रतिजैविके, बीटी

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात 'सहजीवन' हा घटक शिकविताना एक उदाहरण हमखास दिले जाते. वाळवी लाकूड खाते, परंतु ते तिला स्वतःला पचविता येत नाही. तिच्या आतड्यातील ट्रायकोनिम्फा नावाचे आदिजीव तिच्यासाठी सेल्युलोज पचवितात आणि त्या बदल्यात त्यांना अन्न व निवारा मिळतो. हे विधान पाठ्यपुस्तकात दोन-तीन ओळींत येते, परीक्षेत दोन गुणांसाठी विचारले जाते आणि विद्यार्थी ते जन्मभर विसरत नाहीत. अलीकडे त्याचा विस्तारही झाला आहे. लाकूड, साल किंवा पाने खाणारा कोणताही कीटक घ्यावा, त्याच्या आतड्यात जीवाणू असतात आणि ते त्याचे अन्न पचवितात, असे आता सर्रास लिहिले व बोलले जाते.

प्रस्तुत लेखिकेने अध्यापनाच्या पहिल्या दोन वर्षांत हे उदाहरण प्रात्यक्षिकातून दाखविण्याचा प्रयत्न केला. महाविद्यालयाच्या आवारातील आंब्याच्या खोडावर मातीचे थर चढविणारी वाळवी आणावयाची, चिमट्याने तिच्या उदराचे टोक ओढून आतडे काचपट्टीवरील मिठाच्या सौम्य द्रावणात घ्यावयाचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायकोनिम्फा शोधावयाचा, असा तो साधा प्रयोग होता. दोन वर्षांत एकाही काचपट्टीवर ट्रायकोनिम्फा दिसला नाही. पहिल्या वर्षी दोष विद्यार्थ्यांच्या हाताला दिला, दुसऱ्या वर्षी सूक्ष्मदर्शकाला. वस्तुतः दोष दोहोंचाही नव्हता. ती वाळवी ओडोन्टोटर्मिस या वंशातील होती आणि त्या वंशातील वाळवीच्या आतड्यात लाकूड पचविणारे असे आदिजीव नसतातच. जे नव्हतेच ते न दिसल्याबद्दल विद्यार्थ्यांचे गुण मात्र कमी झाले होते.

या अनुभवातून जो प्रश्न निर्माण झाला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. कीटकाच्या आतड्यात एखादा सूक्ष्मजीव आढळणे ही एक गोष्ट आणि तो त्या कीटकाच्या उपयोगी पडणे ही दुसरी. पहिलीवरून दुसरी कोणत्या आधारावर सिद्ध होते? या विषयाचा इतिहास पाहिला असता असे दिसते, की ज्या ज्या ठिकाणी सूक्ष्मजीव काढून टाकून आणि पुन्हा परत देऊन पाहिले गेले, त्या त्या ठिकाणी उत्तर मिळाले. आणि ते प्रत्येक वेळी सारखे आले नाही.

अन्न म्हणून लाकूड

लाकूड हे विपुल, पण निकृष्ट अन्न आहे. त्यातील सेल्युलोज ही ग्लुकोजच्या रेणूंची लांब साखळी असून या साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगून असतात. त्यांच्याभोवती हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांचे वेष्टन असते. लिग्निनची रचना इतकी अनियमित असते, की ते तोडण्यास एखाद-दुसरे विकर पुरेसे होत नाही. येथपर्यंतचा भाग सर्वांच्या परिचयाचा आहे. वर्गात सहसा न सांगितली जाणारी अडचण नत्राची आहे. लाकडात नत्राचे प्रमाण साधारणतः वजनाच्या ०.०३ ते ०.१ टक्का इतकेच असते; कीटकाच्या कोरड्या शरीरात मात्र ते सुमारे दहा टक्के असते. म्हणजे लाकडावर जगणाऱ्या प्राण्याला कर्बोदके तोडण्याचे साधन मिळाले, तरी प्रथिने कशापासून बनवावयाची हा प्रश्न शिल्लकच राहतो. वाळवीच्या आतड्यातील जीवाणूंचे खरे महत्त्व या दुसऱ्या प्रश्नाच्या बाजूने अधिक स्पष्ट होते, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

परोपजीवी ते सहजीवी

अमेरिकेतील निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ लायडी यांनी १८७७ मध्ये रेटिक्युलिटर्मिस फ्लाविपिस या वाळवीच्या आतड्यातील आदिजीवांचे वर्णन केले आणि ट्रायकोनिम्फा हे नाव दिले. १८८१ मध्ये त्यांनी याच विषयावर जो सविस्तर निबंध लिहिला, त्याच्या शीर्षकात त्यांनी या जीवांना वाळवीचे परोपजीवी म्हटले होते. आतड्यात खच्चून भरलेले, वळवळणारे हे जीव पाहून तसे वाटणे स्वाभाविकच होते. त्यांच्या पोटात लाकडाचे कण दिसत होते, परंतु ते चोरलेले अन्न आहे की यजमानासाठी चाललेले काम आहे, हे नुसते पाहून सांगता येणे शक्य नव्हते.

हा निर्णय एल. आर. क्लीव्हलँड यांच्या प्रयोगांनी झाला. १९२३ ते १९२५ या काळात त्यांनी वाळवीला न मारता तिच्या आतड्यातील आदिजीव तेवढे मारण्याच्या पद्धती शोधल्या. वाळवीला एक दिवस ३६ अंश सेल्सिअस तापमानात ठेवणे, तिला उपाशी ठेवणे किंवा प्राणवायूचा दाब वाढविणे या त्या पद्धती होत. अशा 'रिकाम्या' वाळव्या पूर्वीप्रमाणेच लाकूड कुरतडून खात राहिल्या. त्यांच्या भुकेत काही फरक पडला नाही. तरीही त्या काही आठवड्यांतच मेल्या. त्यांचा निरोगी वाळव्यांशी संपर्क येऊ दिला आणि आदिजीव आतड्यात परतले, की त्या पुन्हा लाकडावर जगू लागत. आदिजीव नसलेल्या वाळव्यांना बुरशीने आधीच कुजविलेले अन्न दिले, तर त्या जास्त काळ टिकत. शीर्षकात लायडींनी लावलेले 'परोपजीवी' हे विशेषण येथे गळून पडले. या प्रयोगाचे बळ त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. नुसते आदिजीव मारून वाळवी मेली असती, तर ती उष्णतेने मेली की उपासमारीने, असा आक्षेप घेता आला असता. ते परत दिल्यावर ती जगली, म्हणून आक्षेपाला जागा उरली नाही.

या संबंधाचा वाळवीच्या समाजरचनेशीही निकटचा संबंध आहे. वाळवी कात टाकते तेव्हा पश्चांत्राचे अस्तरही टाकले जाते आणि त्याबरोबर आतील जीवसृष्टी नष्ट होते. नवी जीवसृष्टी मिळवावयाची तर सोबतीणीच्या गुदद्वारातून येणारा द्रव चाखावा लागतो. एकटी वाळवी जगू शकत नाही, याचे एक कारण असे तिच्या आतड्यात आहे. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी नाक मुरडतात, पण विसरत नाहीत.

मात्र क्लीव्हलँड यांच्या प्रयोगावरून 'वाळवीला सेल्युलोज पचविताच येत नाही' असा जो अर्थ पाठ्यपुस्तकांनी काढला, तो पुढे टिकला नाही. १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी रेटिक्युलिटर्मिस स्पेराटस या वाळवीच्या स्वतःच्या जनुकसंचात सेल्युलोज तोडणाऱ्या विकराचे जनुक असल्याचे दाखविले. हे विकर तिच्या लाळग्रंथींत तयार होते. म्हणजे पचनाचा आरंभ वाळवी स्वतःच करते आणि उरलेले अवघड काम पश्चांत्रात होते. आदिजीवांवाचून ती मरते हे खरे. पण ती अगदीच परावलंबी आहे हे खरे नव्हे. आपल्या अध्यापनात या दोन विधानांतील फरक अजून पुरता उतरलेला नाही.

मग जीवाणू काय करतात?

आदिजीव सेल्युलोज तोडतात, तर त्याच आतड्यात असलेले असंख्य जीवाणू काय करतात, याचे उत्तर मिळण्यास अर्धशतक लागले. अडचण अशी, की यांतील बहुसंख्य जीवाणू प्रयोगशाळेत वाढविता येत नाहीत. शिवाय ते आतड्यात सुटे नसतात. कित्येक आदिजीवांच्या अंगाला चिकटून किंवा त्यांच्या पेशींच्या आतच राहतात. उत्तर ऑस्ट्रेलियातील मॅस्टोटर्मिस डार्विनिएन्सिस या वाळवीतील मिक्सोट्रिका पॅरॅडॉक्सा या आदिजीवाची कथा या संदर्भात उल्लेखनीय आहे. १९३३ मध्ये त्याचे वर्णन झाले, तेव्हा त्याला कशाभिका आणि पक्ष्माभिका अशी दोन्ही प्रकारची चलन-अंगे आहेत असे मानले गेले आणि म्हणूनच त्याला 'विरोधाभासी' असे नाव मिळाले. १९६४ मध्ये क्लीव्हलँड व ग्रिमस्टोन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तेव्हा त्या पक्ष्माभिका त्याच्या नव्हत्याच. ते त्याच्या पृष्ठभागावर रांगेने उभे असलेले सर्पिल जीवाणू होते आणि त्यांच्या वळवळीने तो आदिजीव पुढे सरकत होता.

नत्राच्या प्रश्नाचे उत्तर १९७३ मध्ये दोन स्वतंत्र शोधनिबंधांतून पुढे आले. वाळवीच्या शरीरात हवेतील नत्राचे स्थिरीकरण होते, असे त्यांत दाखविले होते. जीवाणूनाशक औषधे खाऊ घातल्यावर हे स्थिरीकरण थांबते, म्हणून ते काम जीवाणूंचे आहे हेही निश्चित झाले. द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गाठींची आठवण करून देणारी ही व्यवस्था आहे. फक्त ती चालत्या-फिरत्या प्राण्याच्या पोटात आहे. २००८ मध्ये जपानमधील संशोधकांनी कॉप्टोटर्मिस फॉर्मोसॅनस या वाळवीतील एका आदिजीवाच्या पेशीत राहणाऱ्या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचला. तो जीवाणू नत्र स्थिर करतो आणि त्यापासून ॲमिनो आम्ले बनवितो. वाळवीच्या पोटात आदिजीव, आदिजीवाच्या पोटात जीवाणू, अशी ही उतरंड आहे. आदिजीव लाकूड तोडून ऊर्जा मिळवितो, जीवाणू त्या ऊर्जेवर नत्र बांधतो.

दुसरे काम हायड्रोजनचे आहे. आदिजीव सेल्युलोज आंबवितात तेव्हा ॲसिटेट, कार्बन डाय-ऑक्साइड आणि हायड्रोजन तयार होतात. ॲसिटेट वाळवीच्या रक्तात शोषले जाते आणि तेच तिचे मुख्य इंधन असते. हायड्रोजन मात्र साचत गेला तर आंबण्याची क्रिया मंदावते. काही जीवाणू हा हायड्रोजन आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांपासून आणखी ॲसिटेट बनवितात. हे काम प्रामुख्याने सर्पिल जीवाणूंचे आहे, हे १९९९ मध्ये लेडबेटर, ब्रेझ्नॅक व सहकाऱ्यांनी असे जीवाणू शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविले. त्यांतील एकाला पुढे ट्रेपोनेमा प्रिमिशिया हे नाव मिळाले. ट्रेपोनेमा हे नाव आपल्याला उपदंशाच्या जंतूमुळे माहीत असते. त्याचा हा दूरचा भाऊबंद वाळवीचे इंधन तयार करतो. हायड्रोजनचा थोडा भाग मिथेन तयार करणाऱ्या आर्कियांकडे जातो. १९८२ मध्ये पृथ्वीवरील मिथेनचा फार मोठा वाटा वाळवीचा आहे असा अंदाज प्रसिद्ध झाला होता आणि त्याची बरीच चर्चा झाली. नंतरच्या मोजमापांनी तो वाटा काही टक्क्यांवर आणून ठेवला.

हे सर्व ज्या जागेत घडते ती जागा किती लहान आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रेटिक्युलिटर्मिस वाळवीच्या पश्चांत्राचे आकारमान सुमारे एक मायक्रोलिटर, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या काही दशांशही नव्हे. १९९५ मध्ये ब्रूने व सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म विद्युदग्रे आत घालून असे दाखविले, की भिंतीलगतच्या सुमारे १५० ते २०० मायक्रोमीटर जाडीच्या थरात प्राणवायू असतो आणि मध्यभागी तो नसतो. त्यामुळे एकाच आतड्यात प्राणवायू वापरणारे आणि प्राणवायूने मरणारे असे दोन्ही प्रकारचे जीवाणू नांदतात. काचपट्टीवर आतडे फोडल्यानंतर आदिजीव काही मिनिटांतच मलूल का होतात, याचेही हेच स्पष्टीकरण आहे.

आपल्या आवारातील वाळवी

आता मूळ प्रात्यक्षिकाकडे वळू. जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार प्रजाती ज्ञात असून त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश टर्मिटिडी या कुलातील आहेत. यांना 'उच्च' वाळव्या म्हणतात आणि त्यांच्या आतड्यात लाकूड पचविणारे कशाभिकाधारी आदिजीव नसतात. म्हणजे पाठ्यपुस्तकातील उदाहरण अल्पसंख्याकांचे आहे. महाराष्ट्रात शेतात, बांधावर, झाडांच्या खोडांवर मातीचे थर चढविणारी जी वाळवी नेहमी दिसते, ती बहुधा ओडोन्टोटर्मिस वंशातील असते. तिच्या सैनिक वाळवीच्या जबड्यावर ठळक दात असतो. वंशाचे नावही त्यावरूनच पडले आहे.

या वाळवीने पचनाचे बरेचसे काम शरीराबाहेर काढले आहे. वारुळाच्या आत ती टर्मिटोमायसिस नावाच्या बुरशीची शेती करते. तरुण कामकरी वाळव्या आणलेले लाकूड-पाचोळा बुरशीच्या बीजाणूंसह गिळतात. हे सर्व आतड्यातून झपाट्याने बाहेर पडते आणि त्याचा सच्छिद्र, पोळ्यासारखा थर रचला जातो. त्या थरावर बुरशी वाढते, लिग्निन व सेल्युलोज मोडते आणि काही आठवड्यांनी वयस्क वाळव्या तो जुना थर खातात. पावसाळ्याच्या आरंभी कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी जी अळंबी लोक आवडीने खातात, ती याच बुरशीची फळे होत. म्हणजे आपल्या ताटात येते ती वाळवीच्या पचनसंस्थेचीच एक शाखा, असे म्हणावयास हरकत नाही.

मग या वाळवीच्या आतड्यातील जीवाणूंचे काम काय? आफ्रिकेतील मॅक्रोटर्मिस नॅटॅलेन्सिस या बुरशीपालक वाळवीचा, तिच्या बुरशीचा आणि आतड्यातील जीवाणूंचा जनुकीय अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीची कर्बोदके तोडण्याची क्षमता मुख्यतः बुरशीकडे आणि अखेरच्या लहान साखळ्या तोडण्याची क्षमता मुख्यतः जीवाणूंकडे, अशी विभागणी त्यात दिसून आली. याउलट, बुरशी न पाळणाऱ्या नासुटिटर्मिस या उच्च वाळवीत, कोस्टा रिका येथील नमुन्यांच्या २००७ मधील अभ्यासात, लाकूड तोडणारी शेकडो जनुके थेट पश्चांत्रातील जीवाणूंतच मिळाली. तिच्यात आदिजीवांची जागा जीवाणूंनी घेतली आहे. एकाच कुलातील दोन वाळव्या, दोघींच्याही आतड्यात जीवाणू, आणि दोघींतील कामे मात्र निराळी. 'वाळवीच्या आतड्यातील जीवाणू लाकूड पचवितात' या वाक्यातील 'वाळवी' कोणती हे विचारल्याशिवाय ते वाक्य खरे की खोटे हे ठरविता येत नाही.

पाने खाणाऱ्या अळ्या : एक वादग्रस्त प्रकरण

लाकूड खाणाऱ्यांकडून पाने खाणाऱ्यांकडे वळले, की चित्र आणखी बदलते. येथे ज्या कीटकावरून सर्वांत मोठा वाद झाला, तो अमेरिकेतील ओक वृक्षांचा शत्रू लिमँट्रिया डिस्पार हा पतंग होय. मूळ युरोपातील हा पतंग एत्येन लिओपोल्ड ट्रुव्हेलो या फ्रेंच गृहस्थाने १८६८-६९ च्या सुमारास बोस्टनजवळील मेडफर्ड येथे आणला. रेशीम देणाऱ्या पतंगांवर त्याचे प्रयोग चालू होते. काही अळ्या निसटल्या आणि पुढच्या दीडशे वर्षांत ईशान्य अमेरिकेतील जंगले त्यांनी वारंवार निष्पर्ण केली. या अळ्या तीनशेहून अधिक प्रकारच्या झाडाझुडपांची पाने खातात. त्यांच्यावर विमानातून बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपल्याकडे कपाशीमुळे घरोघरी पोचलेल्या 'बीटी' या जीवाणूची फवारणी केली जाते.

बीटी अळीला कसे मारतो, याचे उत्तर तोपर्यंत निश्चित मानले जात होते. त्याच्या बीजाणूसोबत प्रथिनाचा एक स्फटिक असतो. अळीच्या मध्यांत्रातील अल्कधर्मी रसात तो विरघळतो, विषारी प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटते, पेशींना छिद्रे पडतात. अळी खाणे थांबविते आणि मरते. २००६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील नीकोल ब्रॉडरिक, केनेथ राफा आणि जो हँडेल्समन यांनी या उत्तरात एक अनपेक्षित पात्र आणले. त्यांनी अळ्यांना प्रतिजैविके खाऊ घालून आतड्यातील जीवाणू नष्ट केले आणि नंतर बीटी दिला. अळ्या मेल्या नाहीत. आतड्यातलाच एंटरोबॅक्टर हा जीवाणू परत दिल्यावर बीटी पुन्हा मारक ठरला. बीटीचे विष तयार करणारे ई. कोलाय जीवाणू जिवंत स्वरूपात दिले, तर इतर जीवाणू नसतानाही अळ्या मेल्या. तेच उष्णतेने मारून दिले, तर मेल्या नाहीत. निष्कर्ष असा, की विष फक्त दार फोडते. आत घुसून मारण्याचे काम आतड्यातील एरवी निरुपद्रवी जीवाणू करतात.

काढा आणि परत द्या, ही क्लीव्हलँड यांचीच रीत येथे पाळलेली दिसते. तरीही हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधून दोन आक्षेप आले. जॉन्स्टन व क्रिकमोर यांनी तंबाखूवरील मॅन्ड्युका सेक्स्टा या अळीवर आणि रेमंड व सहकाऱ्यांनी कोबीवरील चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळीवर प्रयोग केले. त्यांनी प्रतिजैविकांऐवजी आरंभापासून निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या अळ्या घेतल्या. त्यांच्या आतड्यात जीवाणू नव्हते, तरीही त्या बीटीने मेल्या. आक्षेपाचा गाभा असा : प्रतिजैविक फक्त आतड्यातील जीवाणूच मारत नाही, ते आतड्यात शिल्लक राहून नंतर दिलेल्या बीटी जीवाणूलाही मारते. मग अळी वाचली ती आतड्यातील जीवाणू नसल्यामुळे, की बीटीच वाढू न शकल्यामुळे? त्याच वर्षी ब्रॉडरिक व सहकाऱ्यांनीही निरनिराळ्या पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांत हा परिणाम सारखा नसल्याचे प्रसिद्ध केले.

हा वाद आपल्याला दूरचा वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडील प्रयोगशाळांत बोंडअळी वाढविण्यासाठी जो कृत्रिम आहार तयार केला जातो, त्यात तो नासू नये म्हणून स्ट्रेप्टोमायसिनसारखे प्रतिजैविक घालण्याची पद्धत आहे. त्याच आहारावर फवारणीच्या बीटीची मारकता तपासली, तर मिळणारा आकडा शेतातील अळीचा की प्रतिजैविक खाल्लेल्या अळीचा, हा प्रश्न विचारावा लागेल. कपाशीच्या बाबतीत गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेथे जीवाणू नसून पानात-बोंडात केवळ त्याचे प्रथिन असते. शेंदरी बोंडअळीत बीटी कपाशीविरुद्ध जो प्रतिकार निर्माण झाला, त्याचा माग भारतातील नमुन्यांत अळीच्या स्वतःच्या कॅडहेरिन जनुकातील बिघाडापर्यंत लागला आहे. तेथे आतड्यातील जीवाणूंकडे बोट दाखविण्याची गरज पडलेली नाही.

२०१७ मध्ये टोबिन हॅमर व सहकाऱ्यांनी या वादाच्या मुळाशीच हात घातला. अमेरिका व कोस्टा रिका येथील १२४ प्रजातींच्या रानातील अळ्या त्यांनी तपासल्या. बहुतेकींच्या आतड्यात जीवाणूंची संख्या इतर प्राण्यांच्या तुलनेत अनेक पटींनी कमी होती आणि जे होते ते प्रामुख्याने खाल्लेल्या पानांवरचेच होते. मॅन्ड्युकाच्या अळ्यांना प्रतिजैविके देऊन हे जीवाणूही कमी केले, तेव्हा त्यांच्या वाढीत फरक पडला नाही. कारणे शरीररचनेत आहेत. अळीचे आतडे सरळ नळीसारखे असते, अन्न त्यातून झपाट्याने पुढे जाते आणि मध्यांत्रातील रस अतिशय अल्कधर्मी असतो. वाळवीच्या पश्चांत्रासारखी अन्न थांबण्याची, आंबण्याची जागाच तेथे नाही. पानांवरून आलेले जीवाणू त्या आतड्यात वाटसरू असतात. वाटसरूही कधी उपयोगी पडतो. लिमँट्रियाच्या अळ्यांना पानांवरील काही जीवाणू ॲस्पेन वृक्षाची विषारी द्रव्ये मोडण्यास मदत करतात असे २०१४ च्या एका अभ्यासात दिसले आहे. पण त्याला सहजीवी म्हणावयाचे की नाही, हा शब्दांचा प्रश्न राहत नाही.

साल आणि बी पोखरणारे

भुंगेऱ्यांच्या बाबतीत थोडक्यात लिहितो तेवढे पुरे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९० च्या दशकापासून पाइन वृक्षांवरील डेंड्रोक्टोनस पाँडेरोसी या भुंगेऱ्याने सुमारे १.८ कोटी हेक्टर जंगलाला ग्रासले. पाइनच्या सालीतील टर्पीन द्रव्ये कीटकांना विषारी असतात. या भुंगेऱ्याशी निगडित जीवाणूंत टर्पीन मोडणारी जनुके विपुल असल्याचे २०१३ मध्ये आढळले आणि त्यांतील काही जीवाणू काचेच्या नळीत टर्पीनचे प्रमाण कमी करतात हेही दिसले. पण भुंगेऱ्याबरोबर बुरशीही असते आणि तीही टर्पीन मोडते. जिवंत झाडात कोणाचा वाटा किती, हे जनुकांच्या यादीवरून ठरत नाही.

याउलट, कॉफीच्या बिया पोखरणाऱ्या हायपोथेनेमस हाम्पी या सूक्ष्म भुंगेऱ्याचे प्रकरण स्वच्छ आहे. हा भुंगेरा १९९० पासून निलगिरीच्या मार्गे भारतातही आहे. कॅफीनसारख्या विषारी द्रव्यात तो पूर्ण आयुष्य काढतो. २०१५ मध्ये सेहा-नव्हारो व सहकाऱ्यांनी त्याला प्रतिजैविके दिली, तेव्हा कॅफीन न मोडता त्याच्या विष्ठेत येऊ लागले. स्यूडोमोनास फुल्व्हा हा एकच जीवाणू परत दिल्यावर कॅफीन मोडण्याची क्रिया पुन्हा सुरू झाली. क्लीव्हलँड यांच्या प्रयोगानंतर नव्वद वर्षांनी त्याच रीतीने मिळालेले हे उत्तर आहे.

प्रात्यक्षिकाच्या टेबलावर

आवारातील वाळवीत ट्रायकोनिम्फा नाही म्हणून प्रात्यक्षिक वगळावे, असे प्रस्तुत लेखिकेचे मत नाही. ओडोन्टोटर्मिसचेच आतडे उघडावे, पण विद्यार्थ्यांना आधी तिचा सैनिक ओळखावयास लावावा आणि काय दिसणार नाही याचा अंदाज लिहावयास सांगावा. तुलनेसाठी कॉप्टोटर्मिस ही वाळवी मिळविता येते. जुन्या इमारतींच्या चौकटींत आणि वठलेल्या झाडांच्या गाभ्यात ती असते. तिच्या सैनिकाला डिवचले की डोक्याच्या पुढच्या छिद्रातून दुधासारखा पांढरा द्रव बाहेर येतो, ही तिची सोपी खूण होय. तिच्या आतड्यात आदिजीव असतात. आतडे द्रावणात घेतल्याबरोबर आच्छादक काच ठेवून तत्काळ पाहावे, कारण हातात वेळ थोडा असतो.

गेल्या वर्षी शेजारच्या एका जुन्या घराची चौकट काढली गेली, तेव्हा अशी वाळवी आमच्या हाती लागली. पहिल्याच काचपट्टीवर कशाभिकांनी झाकलेले, लाकडाचे कण गिळलेले मोठे आदिजीव दिसले आणि वर्गात सूक्ष्मदर्शकाभोवती गर्दी झाली. कॉप्टोटर्मिसमध्ये जो मोठा आदिजीव असतो तो ट्रायकोनिम्फा नव्हे, त्याचा नातलग स्यूडोट्रायकोनिम्फा होय, हे मी फळ्यावर लिहून ठेवले होते. तरीही प्रयोगवह्या तपासताना निम्म्याहून अधिक आकृत्यांखाली 'ट्रायकोनिम्फा' असेच नाव सापडले. त्याखाली आकृती मात्र जे दिसले त्याचीच होती. या वेळी मी गुण कापले नाहीत; नाव खोडून त्याच्या शेजारी वाळवीचे नाव तेवढे लिहावयास सांगितले.